गारव्याची सेवा : उदककुंभापासून बर्फापर्यंत

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥



सोलापूर ही शिवयोगी श्री सिद्धरामेश्वरांची भूमी. या भूमीचा उन्हाळाही सर्वश्रुत आहे. चैत्र उजाडला की दुपारचा पारा ४० अंश सेल्सियसच्या आसपास जातो आणि वैशाखात तो त्याही पुढे सरकतो. अशा दिवसांत दूरवरून आलेला यात्रेकरू दर्शनाच्या रांगेत उभा असतो, तेव्हा त्याला सर्वप्रथम हवे असते ते घोटभर गार पाणी. याच दिवसांत देवस्थानाच्या कार्यालयात देणगीदार एक प्रश्न वारंवार विचारतात : "भाविकांच्या पाण्यासाठी बर्फाच्या लाद्या दिल्या तर चालेल का?" प्रश्नामागची भावना पवित्र आहे. मात्र त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात देता येत नाही. ते नीट समजावे म्हणून गारवा आणि बर्फ यांविषयी आपली परंपरा काय सांगते आणि शास्त्र काय सांगते, याचा थोडा अभ्यास येथे मांडत आहोत.

दहीभाताची कथा

श्री सिद्धरामेश्वरांच्या बालपणीची कथा बहुतेक भाविकांना ठाऊक आहे. बाराव्या शतकातील ही गोष्ट. त्या काळी सोलापूरचे नाव सोन्नलगी असे होते. बाल सिद्धराम रानात गुरे राखीत असता श्रीशैलचा मल्लिकार्जुन जंगमाच्या रूपाने 'मल्लय्या' म्हणून त्याच्यासमोर आला आणि त्याने कोवळा हुरडा मागितला. सिद्धरामाने तो प्रेमाने दिला. हुरडा खाऊन पोटात दाह होऊ लागल्याचे सांगून पाहुण्याने दहीभात मागितला. बालक धावतच घरी गेला आणि दहीभात घेऊन परतला, तो पाहुणा तेथे नव्हता! त्याच्या शोधात व्याकूळ झालेला सिद्धराम थेट श्रीशैलापर्यंत पोहोचला आणि तेथे त्याला मल्लिकार्जुनाचे दर्शन घडले. तेराव्या शतकातील कन्नड कवी राघवांक यांनी 'सिद्धराम चरित्र' या काव्यातून सिद्धरामांचे जीवन गायिले आहे.

या कथेकडे एका वेगळ्या दृष्टीनेही पाहता येते. सिद्धरामांच्या साक्षात्काराचा आरंभ कोणत्याही यज्ञाने किंवा व्रताने झाला नाही. उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या पोटातील दाह शांत करावा, एवढ्या साध्या सेवेतून तो झाला. पुढे श्रीशैलाहून परतल्यावर त्यांनी सोन्नलगीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि श्रमदानाने विस्तीर्ण तलाव निर्माण केला. आज ज्या तलावाच्या मध्यभागी श्री सिद्धेश्वराचे मंदिर शोभते, तो हाच. तहानलेल्या मुलखात पाण्याचा साठा करणे ही शिवपूजाच होय, असे त्यांचे आचरण सांगते.

देवाला उटी, भक्ताला उदक

आपल्या परंपरेत देवालाही ऋतू लागतो. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत श्री विठ्ठल-रुक्मिणीस दुपारी चंदनाच्या उटीची पूजा होते. शिवमंदिरातून पिंडीवर गळती बांधली जाते आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी अखंड ठिबकत राहते. हेच देव थंडीच्या दिवसांत उबदार वस्त्रे ल्यालेले आपण पाहतो.

देवाला जे द्यायचे तेच माणसालाही द्यावे, हे सूत्र अक्षय्य तृतीयेच्या उदककुंभाच्या दानात आहे. पाण्याने भरलेला मातीचा घट त्या दिवशी दान करतात. ऐन वैशाखात येणाऱ्या तिथीला हेच दान का सांगितले असावे, हे सोलापूरच्या उन्हात उभे राहिले की वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गावोगावच्या पाणपोया हे त्याच दानाचे सार्वजनिक रूप होय.

माठाचे शास्त्र

मातीच्या घटात पाणी गार कसे होते? माठाच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरून बाहेर येते आणि त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी उष्णता लागते आणि ती आतल्या पाण्यातून घेतली जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते, तर एक ग्रॅम बर्फ वितळताना केवळ ८० कॅलरी शोषली जाते. म्हणजे माठाच्या अंगावरून उडून जाणारा पाण्याचा थेंब हा तेवढ्याच वजनाच्या बर्फापेक्षा सातपट अधिक गारवा देतो!

हिशेब करून पाहावा. २० लिटरच्या रांजणातील पाणी ३५ अंशांवरून २५ अंशांवर आणावयाचे आहे. बर्फ टाकला तर साधारण दोन किलो लागेल. माठाच्या बाबतीत हिशेबाने सुमारे ३५० मिलिलिटर पाणी उडून गेले की तेवढेच काम होते. बाहेरच्या हवेची उष्णताही आत शिरत असल्याने प्रत्यक्षात थोडे अधिक पाणी खर्ची पडते, एवढेच. त्यासाठी ना वीज लागते, ना लादी.

हवा कोरडी असेल तर वाफ लवकर होते. म्हणून सोलापूरसारख्या कोरड्या हवेच्या गावात उन्हाळ्यात माठ उत्तम काम करतो आणि तोच माठ पावसाळ्यात किंवा कोकणच्या दमट हवेत तितका गार होत नाही. माठ सावलीत आणि वारा लागेल असा ठेवावा. भोवती ओले फडके गुंडाळावे. आत वाळ्याची जुडी सोडली तर पाण्याला सुगंधही येतो. माठ धुताना मात्र साबण वापरू नये, कारण तो छिद्रांत शिरून बसतो. नारळाच्या काथ्याने घासून स्वच्छ पाण्याने धुवावा.

पाणी गोठते तेव्हा

पाणी शून्य अंशाला गोठते, हे आपण शाळेत शिकलो. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात. पाणी मात्र गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो. पाणी सर्वांत जड असते ते ४ अंशांना. यामुळे थंड प्रदेशातील तळी वरून गोठतात आणि बर्फाच्या थराखाली पाणी राहून मासे जिवंत राहतात. हा नियम उलटा असता तर तळी तळापासून गोठली असती आणि त्यांतील जीवसृष्टी टिकणे कठीण झाले असते. सृष्टीच्या रचनेतील ही कृपाच म्हणावी लागेल.

महाराष्ट्रातून हजारो भाविक श्री अमरनाथाच्या यात्रेला जातात. सुमारे ३,९०० मीटर उंचीवरील त्या गुहेत छतातून झिरपणारे पाणी खाली पडताच गोठते आणि थरावर थर चढून हिमलिंग साकार होते. गळतीखाली पिंडीवर ठिबकणारे पाणी आपल्याकडे वाहून जाते, तेथे तेच पाणी स्वतः पिंडीचे रूप घेते. शास्त्राने कारण सांगितल्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही, उलट पाहण्याची दृष्टी अधिक आदराची होते.

आपल्या भागात आकाशातून बर्फ येतो तो गारांच्या रूपाने. मराठीत 'गार' म्हणजे थंड आणि 'गार' म्हणजे आकाशातून पडणारा बर्फाचा खडाही. पहिल्या अर्थाने सुख, दुसऱ्याने संकट. वादळी ढगात वर चढणारा वारा पाण्याचे थेंब गोठणाऱ्या उंचीवर उचलून नेतो, त्यांवर बर्फाचे थर चढतात आणि वाऱ्याला भार पेलेनासा झाला की गारा कोसळतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्च महिन्यात महाराष्ट्रावर झालेली गारपीट शेतकरी बांधव विसरणे शक्य नाही. सोलापूर जिल्ह्यातही द्राक्षे, डाळिंबे आणि काढणीला आलेली रब्बीची पिके तिने झोडपून काढली. तीच द्राक्षे आणि डाळिंबे शीतगृहात नियंत्रित गारव्यात ठेवली की दूरच्या बाजारापर्यंत टिकतात. एकच थंडी बागेत काळ होऊन येते आणि शीतगृहात आधार होते.

बर्फ आपल्याकडे कसा आला

यंत्रे नव्हती तेव्हाही भारतात गारव्याची विद्या होती. अकबराच्या काळी सोऱ्याच्या पाण्यात भांडे फिरवून पिण्याचे पाणी थंड करीत, असे 'ऐन-ए-अकबरी'त नमूद आहे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो. अलाहाबाद, म्हणजे आजचे प्रयागराज, येथे हिवाळ्याच्या निरभ्र रात्री उथळ मातीच्या परळांत पाणी भरून ती कडब्यावर मांडीत. हवेचे तापमान शून्याच्या वर असूनही पहाटे त्यांत बर्फाचा पापुद्रा धरलेला असे. मोकळ्या आकाशाकडे उष्णता निघून जाणे आणि पाण्याची वाफ होणे या दोहोंचा तो परिणाम. रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये या पद्धतीचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले.

पुढे १८३३ मध्ये अमेरिकेतील फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने बोस्टनच्या परिसरातील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने कलकत्त्यास पाठविला. मे महिन्यात निघालेले जहाज सप्टेंबरात पोहोचले आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतरही निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत होता! लवकरच मुंबईतही हा बर्फ येऊ लागला. दानशूर जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले आणि यजमानासह पाहुण्यांनाही पडसे झाले, अशी आठवण मुंबईच्या इतिहासात सांगितली जाते.

मद्रासच्या किनाऱ्यावर या बर्फासाठी १८४२ च्या सुमारास एक वखार उभी राहिली. कारखान्यात बर्फ तयार होऊ लागल्यावर हा व्यापार बुडाला आणि इमारत दुसऱ्याच्या हाती गेली. शिकागोहून दिग्विजयी होऊन परतलेले स्वामी विवेकानंद १८९७ च्या फेब्रुवारीत याच वास्तूत नऊ दिवस राहिले. आज ती 'विवेकानंदर इल्लम' म्हणून ओळखली जाते. बर्फाच्या वखारीचे तीर्थ झाल्याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एवढ्या लांबच्या प्रवासात बर्फ टिकला कसा? तो लाकडाच्या भुशात दाबून बांधलेला होता. येथे घरातील मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा : बर्फाचा खडा सोलापुरी चादरीत किंवा घोंगडीत गुंडाळला तर तो लवकर वितळेल की उशिरा? पुष्कळजण 'लवकर' म्हणतात. परंतु घोंगडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही. ती उष्णतेला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाऊ देत नाही. थंडीत आपली ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि उन्हाळ्यात बाहेरची उष्णता बर्फापर्यंत पोहोचू देत नाही.

जत्रेतील बर्फ

मकरसंक्रांतीला श्री सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा आणि होमविधी झाले की मुलांचे पाय पाळण्यांकडे आणि खाऊच्या गाड्यांकडे वळतात. भर जानेवारीतही कुल्फी आणि रंगीत बर्फाचा गोळा यांचा मोह सुटत नाही.

कुल्फी किंवा जुन्या पद्धतीचे पॉट आइस्क्रीम करताना साच्याभोवती बर्फ आणि जाडे मीठ भरतात. नुसता बर्फ शून्य अंशावर असतो आणि साखर घातलेले दूध तेवढ्याने गोठत नाही. तीन भाग बर्फात एक भाग मीठ मिसळले की बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो आणि वितळताना दुधातील उष्णता ओढून घेतो. हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. साच्याचा दांडा फिरवीत आजोबांनी केलेले आइस्क्रीम आठवणाऱ्यांना मीठ कशासाठी घालीत, हे आता उमगेल.

आता महत्त्वाची गोष्ट. गोठल्याने पाणी शुद्ध होत नाही. कावीळ, विषमज्वर, अतिसार यांचे जंतू बर्फात निद्रिस्त राहतात आणि बर्फ वितळताच पुन्हा सक्रिय होतात. लादीचा मध्यभाग पांढुरका दिसतो, तो सर्वांत शेवटी गोठतो, कारण गोठणारे पाणी आपल्यातील हवा आणि क्षार आत आत ढकलीत जाते. म्हणजे पाण्यात जे होते ते लादीतच राहते. मासळी, दूध वा औषधे टिकविण्यासाठी केलेला बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच असेल असे नाही. म्हणून महाराष्ट्रात २०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने खाण्यास अयोग्य बर्फात निळा रंग मिसळणे बंधनकारक केले. निळसर बर्फ तोंडात घालू नये, एवढे प्रत्येक आईने मुलाला शिकवून ठेवावे. परंतु रंगहीन बर्फ दिसला म्हणून निर्धास्तही होऊ नये. तो कोठून आला आणि कसा हाताळला, हे पाहणे आवश्यक आहे.

काही वर्षांपूर्वी एका सज्जन भाविकाने उन्हाळ्यात पाणपोईसाठी बर्फाच्या लाद्या आणून दिल्या. हातगाडीवरून, गोणपाटात गुंडाळून आलेल्या त्या लाद्या रस्त्यावरच फोडून पिंपात टाकण्यात आल्या. पिंपाच्या तळाशी भुसा आणि माती साचलेली सेवेकऱ्यांच्या ध्यानात आली, तेव्हा सर्व पाणी ओतून द्यावे लागले. त्या भाविकास वाईट वाटले, आम्हालाही वाटले. दान श्रद्धेने आले होते, फक्त ते कोणत्या रूपाने यावे याची माहिती कोणी त्यांना दिली नव्हती. या लेखाचे निमित्त तेच.

ऊन, अनवाणी पाय आणि प्रथमोपचार

मंदिराच्या आवारात आपण अनवाणी चालतो. दुपारी दगडी फरशी इतकी तापते की लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या तळव्यांना फोड येतात. तळवा पोळल्यास त्यावर बर्फ चोळू नये, त्याने पोळलेल्या कातडीस आणखी इजा होते. नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली पाय सुमारे २० मिनिटे धरावा, फोड फोडू नये आणि स्वच्छ फडक्याने झाकावा.

उष्माघाताची गोष्ट निराळी. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, तोल जात आहे वा शुद्ध हरपत आहे असे दिसल्यास वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णास सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ मानेशी, काखेत व जांघेत ठेवावा. येथे बर्फ प्राण वाचवितो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी घालू नये.

रांगेत उभे राहण्यापूर्वी पाणी, ताक किंवा लिंबाचे सरबत घेऊन निघावे. बर्फाळ पाणी घटाघटा पिण्यापेक्षा माठाचे पाणी थोडे थोडे पिणे हितावह.

देणगीदारांस नम्र विनंती

उन्हाळ्यातील जलसेवेसाठी दान देऊ इच्छिणाऱ्या भाविकांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात :

१. माठ, रांजण, त्यांची झाकणे, तोट्या आणि वाळ्याच्या जुड्या यांचे दान सर्वांत उपयुक्त. तोटी नसल्यास लांब दांड्याचे ओगराळे द्यावे, म्हणजे पाण्यात हात बुडत नाही.

२. बर्फ द्यावयाचा असल्यास तो पिण्याच्या पाण्यात टाकण्यासाठी देऊ नये. मोठ्या भांड्यात बर्फ भरून त्यात पिण्याच्या पाण्याचे झाकणबंद स्टीलचे भांडे ठेवावे. गारवा धातूतून आत जातो, घाण जात नाही. वितळलेले पाणी झाडांना घालता येते.

३. पाणी शुद्ध करणारे यंत्र दान केल्यास त्याच्या वार्षिक देखभालीचा खर्चही दानात धरावा. देखभालीवाचून बंद पडलेले यंत्र कोणाचीच तहान भागवीत नाही.

४. प्रदक्षिणेच्या वाटेवर अंथरण्यासाठी काथ्याच्या चटया आणि सावलीसाठी कापडी मांडव यांचीही गरज असते. ओली केलेली चटई वाफेच्या त्याच नियमाने पायांना गारवा देते.

५. वस्तू आणण्यापूर्वी संबंधित देवस्थानाच्या कार्यालयात चौकशी करावी. वेळही तितकीच मोलाची. दुपारी १२ ते ४ या वेळात पाणी वाढण्यास येणारा एक सेवेकरी हे मोठेच दान आहे.

बाल सिद्धराम दहीभात घेऊन धावला, तेव्हा पाहुणा कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हते. रांगेत उभा असलेला तहानलेला यात्रेकरू कोण, हे आपल्यालाही ठाऊक नसते. त्याच्या हाती जाणारे पाणी गार असावे, त्याहीपूर्वी ते निर्मळ असावे, एवढी काळजी आपण सर्वांनी मिळून घेऊ या. सर्व भाविकांना श्री सिद्धरामेश्वर उत्तम आरोग्य आणि शांती देवो, ही त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥

— सचिव, देवस्थान कार्यालय